बिनतारी

ओयार्सने रविवारी ती वायर काढली.
सात वर्षं ती स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरपासून
उंबऱ्यावरून, कपाटामागून
स्टिरिओपर्यंत जायची
आणि मी तिला रोज ओलांडायचे,
झोपलेल्या कुत्र्याला ओलांडावं तशी.
फेब्रुवारीत एकदा नाही ओलांडली.
मनगट अजून हवा फिरली की ठणकतं,
आणि लिएपायात हवा फिरायची थांबते कधी?

तर आता बिनतारी.
साबणाच्या वडीएवढी डबी,
तिला दोन शेपट्या, एक लाल, एक पांढरी,
आणि आमच्या स्टिरिओत त्या शिरेनात.
त्याची भोकं गोल, पाच टाचण्यांची,
जो देश आता नाही त्या देशाची.
ओयार्स खूश.
डाग द्यायची सळई काढली,
राळेचा धूर माझ्या धुतलेल्या पडद्यांत गेला,
वीस मिनिटांत जुन्या बुडाला नवी शेपूट.
'झालंच,' म्हणाला.

झालंच म्हणाला तेव्हा अकरा वाजले होते.

दोन वाजता डबी अजून निळी लुकलुकत होती.
कॉम्प्युटर नुसती यादी दाखवायचा:
खालच्या मजल्यावरचा टीव्ही,
कुणाचा तरी प्रिंटर,
'आइवाची बाथरूम'.
ही आइवा कोण, यावर आम्ही बटाटे सोलून होईपर्यंत बोललो.
आमचा स्टिरिओ तेवढा यादीत नाही.

बत्तीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑपरेटर होता हा माणूस.
आफ्रिकेच्या पश्चिमेकडून, सार्डिनच्या थव्यांवरून,
बोटाच्या एका पेराने
हे बंदर जागं करायचा.
आणि आता नऊ पावलं.
मोजली मी. स्वयंपाकघर ते कोच, नऊ.
बोलले मात्र नाही.
न बोलण्याची पेन्शन असती
तर ती मला त्याच्याहून जास्त मिळाली असती.

शेवटी डब्लिनला रेनार्सला फोन.
पासवर्ड त्यानेच ठेवलेला, गेल्या नाताळात.
तो एकेक अक्षर सांगत गेला,
ओयार्सचं बोट टेबलावर आपटत गेलं,
कट्, कडाऽ, कट्,
मग लिहिलं, मग घातलं. चूक.
पुन्हा. चूक.
'आजोबा, पहिलं अक्षर मोठं घातलंत ना?'

ओयार्स माझ्याकडे बघत राहिला.
मोर्समध्ये मोठं अक्षर नसतं.
बत्तीस वर्षांत त्याला कुणी मोठं अक्षर पाठवलं नव्हतं,
ना कॅप्टनने, ना मॉस्कोने, ना मी.

मग लागलं.
त्याने स्वयंपाकघरात बटण दाबलं
आणि लगबगीने बाहेरच्या खोलीत आला,
कोचापाशी पोचला, वळला,
खोली गप्प.
एक. दोन.
मग अकॉर्डियन.

गाण्याच्या आधी पोचला होता.

एकोणऐंशीच्या मार्चमध्येही असाच.
जहाज दोन दिवस आधी लागलं,
हा दारात, दाढी वाढलेली, हातात संत्र्यांची जाळी,
माझ्या केसांत पिना, अंगात त्याचाच स्वेटर.
तार दुसऱ्या दिवशी आली.
पोस्टवालीने ती माझ्यापुढे धरली,
मागे ह्याला पाहिलं
आणि म्हणाली, 'सही मग तुम्हीच करा.'
'येतोय' एवढंच होतं तारेत.
ती कुठे ठेवली ते आठवत नाही.
संत्री आम्ही तीन दिवस पुरवली.

ओयार्स म्हणतो, हे दोन सेकंद काढता येतात,
सेटिंगमध्ये कुठेतरी असणार.
चष्मा कपाळावर, शोधतोय.

मी सूप गरम करायला मायक्रोवेव्ह लावला
आणि अकॉर्डियन मधेच तुटलं.
दार उघडलं, सुरू.
लावलं, बंद.
'इंटरफिअरन्स!' आतून ओरडला,
कितीतरी वर्षांत इतक्या आनंदाने
काही ओरडला नव्हता.

सूप गॅसवर ठेवलंय.
बिटाचं आहे, उतू जातं,
बघत उभं राहावं लागतं.